चुकांसकट हुबेहूब

एक्सेलच्या कोऱ्या पानावर कुठल्याही चौकटीत 60 हा आकडा लिहावा आणि त्या चौकटीला तारखेचं रूप द्यावं. पडद्यावर 29 फेब्रुवारी 1900 ही तारीख उमटते. हा दिवस कधी उगवलाच नव्हता. शतकाच्या वर्षाला 400 नं पूर्ण भाग गेला तरच ते लीप वर्ष, हे शाळेत शिकवतात, आणि 1900 ला तो भाग जात नाही. मग जगभरातल्या कचेऱ्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या प्रोग्रामला एवढं साधं गणित येत नाही का? चांगलं येतं. पण 1983 साली आलेल्या लोटस 1-2-3 या प्रोग्रामनं 1900 हे लीप वर्ष धरलं होतं, आणि एक्सेल आलं तेव्हा लोकांचे ताळेबंद लोटसमध्ये होते. ते ताळेबंद जसेच्या तसे उघडायचे तर तारखांमागचे आकडे जुळायला हवेत, आणि आकडे जुळायचे तर चूकही तीच हवी. मायक्रोसॉफ्टनं ती चूक समजून उमजून उचलली. लोटस 1-2-3 केव्हाच बाजारातून उठलं. त्याची चूक मात्र आजही पगारपत्रकांच्या आणि जमाखर्चांच्या तळाशी सुखानं नांदते आहे.

चुकीला असा मान देणं हे या लेखमालेच्या विषयाचं मर्म आहे. विषय असा: एका यंत्रासाठी लिहिलेलं जुनं सॉफ्टवेअर, त्या यंत्राशी अजिबात न जुळणाऱ्या दुसऱ्या घरगुती संगणकावर चालवायचं. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. त्याला अनुकारक वगैरे शब्द घडवता येतील, पण त्याच्या कामाशी नेमका जुळणारा शब्द मराठी मुलखात दारोदार फिरलेला आहे: बहुरूपी. फौजदाराच्या वेशातला बहुरूपी दारात उभा राहतो, वहीतून वॉरंट काढून दरडावतो, आणि घरातला माणूस क्षणभर खरोखर चपापतो. खाकी कपडे कोणीही चढवेल. माणूस फसतो तो त्या खाकरण्याला, काठी आपटण्याच्या लकबीला, बोलताना मध्येच मिशीवर जाणाऱ्या हाताला. इथे दारात एम्युलेटर उभा असतो आणि घरात जुना प्रोग्राम असतो. आपण आपल्याच यंत्रावर आहोत अशी त्याची शेवटपर्यंत खात्री राहिली पाहिजे. तो लकबी तपासतो आणि लकब चुकली की तिथेच अडून बसतो.

मुळात एवढं सोंग करायची वेळ का आली, हे कळायला 1982 च्या सुमाराच्या ब्रिटनमध्ये डोकवावं लागेल. तिथे एकाच वेळी दुकानांत बीबीसी मायक्रो होता, सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम होता, ड्रॅगन 32 होता, अमेरिकेहून येणारा कमोडोर 64 होता. पाठोपाठ ओरिक आला, 1984 मध्ये अॅमस्ट्रॅड सीपीसी आला. प्रत्येकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर निरुपयोगी. गंमत म्हणजे स्पेक्ट्रम आणि अॅमस्ट्रॅड या दोघांचाही मेंदू एकच, झायलॉग कंपनीचा झेड80. तरी एकाचा खेळ दुसऱ्यावर चालत नसे. भाषा एक असली तरी घराची मांडणी वेगळी होती. स्पेक्ट्रमवर पडद्यावरच्या चित्राची जागा स्मृतीत 16384 या पत्त्यापासून सुरू होते, अॅमस्ट्रॅडवर सामान्यपणे 49152 पासून. पाहुणा शेजारच्या स्वयंपाकघरात सवयीनं तिसऱ्या फडताळावरचा डबा उघडतो आणि साखरेऐवजी हळद हाती लागते, तशी गत. त्यामुळे खेळ बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक यंत्रासाठी तोच खेळ नव्यानं लिहीत, आणि ज्याच्या यंत्राची विक्री थोडी त्याच्या नशिबी खेळही थोडे.

ही अडचण घरगुती संगणकांनी जन्माला घातली नव्हती. आयबीएमचा 1401 हा संगणक 1959 मध्ये आला आणि पुढच्या काही वर्षांत जगभर त्याची दहा हजारांहून अधिक यंत्रं लागली. भारतातही अनेक कंपन्या तो भाड्यानं वापरत. मग 7 एप्रिल 1964 रोजी आयबीएमनं सिस्टिम/360 हे संपूर्ण नवं घराणं जाहीर केलं. ते कितीही सरस असलं तरी 1401 वरचे पगाराचे आणि साठ्याचे प्रोग्राम पुन्हा लिहायला ग्राहक तयार नव्हते. त्यातच प्रतिस्पर्धी हनीवेलनं काही महिने आधी आपलं 200 हे यंत्र जाहीर केलं होतं. 1401 चे प्रोग्राम सहज उचलून नेता यावेत अशीच त्याची रचना होती आणि प्रोग्राम बदलून देणाऱ्या त्याच्या साधनाचं नावच होतं लिबरेटर, म्हणजे मुक्तिदाता. आयबीएमनं नव्या यंत्राच्या पोटातल्या सूक्ष्म आज्ञांमध्ये 1401 ची नक्कल बसवून उत्तर दिलं. एम्युलेशन हा शब्द संगणकाच्या जगात रुजला तो याच काळात. तेव्हा ती धंद्याची निकड होती. घरात ती हौस म्हणून आली आणि मग हौशीचीच विद्या झाली.

घरात शिरायला तिला तीन वाटा सापडल्या.

पहिली वाट म्हणजे परका मेंदूच उसना आणायचा. अॅपल टूमध्ये 6502 हा प्रोसेसर होता, तर वर्डस्टार आणि डीबेस टूसारखे कामाचे प्रोग्राम सीपी/एम या प्रणालीवर, म्हणजे 8080 किंवा झेड80 वर चालत. मायक्रोसॉफ्टनं 1980 मध्ये सॉफ्टकार्ड नावाचं एक कार्ड काढलं. त्यावर खराखुरा झेड80 होता. ते कार्ड अॅपलच्या खाचेत बसवलं की पडदा, कळफलक आणि डिस्क अॅपलची, आणि डोकं झेड80 चं. डॉस आणि विंडोजसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीला त्या वर्षी सर्वाधिक उत्पन्न या कार्डानं मिळवून दिलं. 1985 च्या कमोडोर 128 मध्ये तर दोन्ही मेंदू कारखान्यातूनच शेजारी शेजारी बसून आले.

दुसरी वाट जास्त धिटाईची होती. मूळ मॅकिंटॉश आणि अटारी एसटी या दोघांतही मोटोरोलाचा 68000 हाच प्रोसेसर होता. फरक होता तो मॅकच्या रॉममध्ये, म्हणजे खिडक्या, मेनू, अक्षरं रेखाटणाऱ्या तयार आज्ञांच्या साठ्यात. डेव्हिड स्मॉल या अमेरिकी प्रोग्रामरनं 1986 मध्ये मॅजिक सॅक नावाचं काडतूस अटारीसाठी काढलं. त्यात मॅकच्या रॉम चिपा बसवायच्या खाचा रिकाम्या ठेवलेल्या असत. चिपा ग्राहकानं स्वतः मिळवून बसवायच्या, म्हणजे अॅपलच्या मालमत्तेची नक्कल विकल्याचा ठपका येत नाही. मग अटारीवर मॅकचे प्रोग्राम चालू लागत. मॅकच्या पडद्यावर 512 बाय 342 ठिपके, अटारीच्या कृष्णधवल पडद्यावर 640 बाय 400. शिवाय अटारी मॅकपेक्षा किती तरी स्वस्त. सोंग असलीपेक्षा ऐसपैस झालं. नडली ती फ्लॉपी. मॅकची ड्राइव्ह बाहेरच्या आणि आतल्या वर्तुळांवर वेगवेगळ्या गतीनं चकती फिरवत असे, आणि साध्या ड्राइव्हला त्या चकत्या वाचताच येत नसत. स्मॉलना त्यासाठी 1989 मध्ये स्पेक्टर जीसीआर हे निराळं उपकरण काढावं लागलं.

तिसरी वाट निव्वळ प्रोग्रामची, आणि ही लेखमाला प्रामुख्यानं तिच्यावरून चालते. इथे मेंदूही खोटा असतो. एम्युलेटर जुन्या प्रोग्रामची एक आज्ञा वाचतो, तिचा अर्थ लावतो, मूळ प्रोसेसरनं जे केलं असतं ते आपल्या स्मृतीतल्या खोट्या कप्प्यांवर करतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. परक्या वक्त्याशेजारी उभा राहून वाक्यागणिक अर्थ सांगणाऱ्या दुभाष्यासारखं हे काम. यात वेळ किती जातो याचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. झेड80 ला दोन आकड्यांची बेरीज करायला घड्याळाचे 4 ठोके पुरतात. दुभाष्याला मात्र आज्ञा उचलायची, ओळखायची, बेरीज करायची, उत्तर शून्य आलं का, ऋण आलं का, हातचा गेला का, अर्ध्यातच हातचा गेला का हे सगळं टिपायचं, घड्याळ 4 ठोके पुढे सारायचं आणि या दरम्यान पडद्याच्या चिपनं काही मागितलं का तेही बघायचं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, अशी म्हण आहे. संगणकात पैशाच्या जागी वेग येतो. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमिगावर कमोडोर 64 चे एम्युलेटर विकले गेले. अमिगाचा प्रोसेसर साधारण 7 मेगाहर्ट्झचा, कमोडोर 64 चा जेमतेम 1 मेगाहर्ट्झचा. सातपट म्हणजे भरपूर, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात खेळ गोगलगाईच्या चालीनं सरकत. अटारीवर पीसी-डिटो नावाचा प्रोग्राम आयबीएम पीसीचं सोंग वठवी. प्रोग्राम त्यावर चालत, पण 4.77 मेगाहर्ट्झच्या अस्सल पीसीपेक्षाही हळू. नेदरलँड्समधल्या गेर्टन लुंटर यांनी डॉससाठी लिहिलेल्या झेड80 या एम्युलेटरवर स्पेक्ट्रमचे खेळ खऱ्या गतीनं धावू लागले, तेव्हा पीसीच्या प्रोसेसरांनी कित्येक पटींची आघाडी घेतली होती. आणि जितका हुबेहूबपणा वाढवावा तितकी किंमत चढत जाते. सुपर निन्टेंडो या खेळयंत्राचा प्रोसेसर जास्तीत जास्त 3.58 मेगाहर्ट्झनं चाले. त्याची ठोक्याला ठोका जुळवणारी नक्कल करायला बीस्नेस या एम्युलेटरला 2011 मध्ये 3 गिगाहर्ट्झच्या घरातला प्रोसेसर लागत होता.

उलट्या बाजूचा त्रासही होता. डॉसच्या काळातल्या कित्येक खेळांत वेळ मोजायला घड्याळ नसेच. प्रोसेसर ठरावीक आज्ञा ठरावीक वेळात संपवतो या भरवशावर सगळा खेळ उभा. यंत्र वेगवान झालं की शत्रू डोळ्यांना दिसण्याआधीच अंगावर. म्हणून 286 आणि 386 प्रोसेसरांच्या डब्यांवर टर्बो नावाचं बटण आलं. नाव टर्बो, आणि त्याचा खरा उपयोग यंत्र हळू करण्यासाठी.

आता लकबींकडे. स्पेक्ट्रम 1982 च्या एप्रिलमध्ये 16 केबीसाठी 125 पौंड आणि 48 केबीसाठी 175 पौंड अशा किमतीला आला. स्वस्ताईसाठी क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या माणसांनी बहुतेक सगळी उठाठेव युएलए नावाच्या एकाच चिपच्या गळ्यात घातली होती. पडद्यावर 256 बाय 192 ठिपके, पण रंग दर ठिपक्याला नव्हता. 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून दोनच रंग. त्यामुळे अख्खं चित्र 6,912 बाइटमध्ये मावे, आणि लाल नायक हिरव्या झाडाजवळून गेला की झाडही लाल होई. युएलए चित्र वाचत असताना प्रोसेसरनं त्याच भागातली स्मृती मागितली तर ती चिप प्रोसेसरला सरळ थोपवून धरी. पडद्याचं एक चित्र 69,888 ठोक्यांचं. या ठोक्यांतले कुठले थांबण्यात जातात याची गणितं मांडून प्रोग्रामरांनी पडद्याच्या कडेवर रंगीत पट्टे उमटवले, आवाज काढले.

त्याहून नवलाची गोष्ट रिकाम्या दाराची. ज्या जोडणीला काहीच लावलेलं नाही ती वाचली तर उत्तर काय यावं? स्पेक्ट्रमवर युएलए त्या क्षणी स्वतःसाठी जो बाइट वाचत असेल तोच तारेवर तरंगत असे आणि प्रोसेसरच्या हाती लागे. हा गुण कोणी ठरवून दिलेला नव्हता. तो स्वस्त तारांचा सांडलेला माल होता. पण आर्कनॉइडसारख्या काही खेळांनी तो वेचला. हाती आलेल्या बाइटवरून टीव्हीची किरणरेषा पडद्यावर कुठवर आली हे ओळखायचं आणि ती पुढे सरकली की मागच्या मागे चित्र बदलायचं, म्हणजे लखलख होत नाही. 1987 च्या स्पेक्ट्रम +3 मध्ये हा प्रकार तसा राहिला नाही आणि असे काही खेळ त्यावर अडखळले. स्पेक्ट्रमच्याच घराण्यातल्या यंत्राला न जमलेलं सोंग आजचे एम्युलेटर न चुकता वठवतात, कारण त्यांच्या कर्त्यांनी ठोके मोजत, तार तपासत तो सांडलेला मालही यादीत लिहून घेतला.

कमोडोर 64 चं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. त्याच्या 1541 या डिस्क ड्राइव्हच्या पोटात स्वतंत्र 6502 प्रोसेसर आणि 2 केबी स्मृती आहे. कमोडोरचा एम्युलेटर लिहिणारा म्हणजे एकाच वेळी दोन संगणकांची सोंगं घेणारा. खेळ विकणाऱ्या कंपन्या नकला रोखण्यासाठी डिस्कवर मुद्दाम खराब जागा करत. सुरुवातीला प्रोग्राम तिथे जाऊन वाचायचा प्रयत्न करी. वाचताना चूक आली तर डिस्क अस्सल, सगळं नीट वाचलं गेलं तर चोरीची. अशा डिस्कची नीटनेटकी, साफसूफ प्रत काढली तर ती बंद पडे. म्हणून डिस्कच्या प्रतिमा साठवताना चुकांची नोंदही शेजारी ठेवावी लागली, आणि पुढे तर चुंबकीय खुणाच मुळाबरहुकूम साठवणारे फाइलप्रकार आले.

त्याच यंत्रातल्या सिड या नादचिपची कहाणी संगीतप्रेमींना आवडेल. बॉब यानेस यांनी रचलेल्या या चिपच्या 6581 या पहिल्या आवृत्तीत एक दोष होता: आवाजाची पातळी बदलली की टिक असा एक खटका येई. प्रोग्रामरांनी ती पातळी सेकंदाला हजारो वेळा खालीवर करून त्या खटक्यांतूनच माणसाचा आवाज आणि ढोल वाजवून दाखवले. कमोडोरनं पुढे 8580 या आवृत्तीत दोष काढून टाकला. दुरुस्त चिपवर ते ढोल जवळजवळ ऐकू येईनासे झाले. आजच्या एम्युलेटरांमध्ये 6581 की 8580 असा पर्याय असतो आणि जुन्या सुरावटी ऐकणारे पुष्कळदा सदोष चिपच निवडतात.

आयबीएम पीसीलाही हे चुकलं नाही. मूळ पीसीच्या 8088 ला पत्त्यांच्या 20 तारा होत्या. 1 एमबीच्या पुढचा पत्ता दिला की तो गोल फिरून शून्यापाशी येई. काही प्रोग्राम या गिरकीवर विसंबले. 1984 च्या पीसी/एटीतल्या 80286 ला 24 तारा, म्हणजे गिरकी बंद. आयबीएमनं मग एकविसाव्या तारेवर फाटक बसवलं, आणि त्याची कडी लावून दिली कळफलकाच्या नियंत्रक चिपला, कारण तिचा एक पाय मोकळा होता. स्मृतीच्या पत्त्यासाठी कळफलकाला विचारायचं हा उद्योग पीसीच्या कितीतरी पिढ्यांनी मुकाट्यानं चालू ठेवला.

काही लकबी तर यंत्राबाहेर असतात. 1985 मध्ये स्पेक्ट्रमवर आलेल्या एलिट या खेळाबरोबर लेन्सलॉक नावाचं घडीचं प्लॅस्टिकचं भिंग मिळे. पडद्यावरची विस्कटलेली अक्षरं त्यातून पाहिली की जुळत आणि ती टाइप केली की खेळ उघडे. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असला की अस्सल गिऱ्हाइकालाही अक्षरं जुळेनात. काहीशे डब्यांत तर भिंगच चुकीचं गेलं होतं. एम्युलेटर संगणकाची नक्कल करील, भिंगाची कोण करणार? शेवटी त्या भिंगाचंही काम करणारा प्रोग्राम एका हौशी माणसानं लिहिला.

जुन्या वस्तूंतून माहिती बाहेर काढणं ही आणखी एक खिंड. अमिगाच्या साडेतीन इंची फ्लॉपीवर 880 केबी मावत, कारण ते यंत्र अख्खं वर्तुळ एका दमात, मध्ये फारशा फटी न ठेवता लिहीत असे. दिसायला ती पीसीच्या फ्लॉपीसारखीच. पण पीसीच्या नियंत्रकाला ती वाचता येत नाही. त्यामुळे बेर्न्ट श्मिट यांनी 1995 मध्ये यूएई हा अमिगाचा एम्युलेटर लिहायला घेतला तेव्हा आधी अस्सल अमिगावर फ्लॉपीची फाइल करायची, मग ती तारेवरून पीसीत आणायची, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. सुरुवातीला हा एम्युलेटर काही सुरूच होत नसे. यूएई या आद्याक्षरांतला पहिला शब्द म्हणूनच निरुपयोगी या अर्थाचा मानला जाई. पुढे तो इतका उपयोगी ठरला की अमिगाप्रेमींचं पान त्याच्यावाचून हलेना.

कायद्याची बाजू स्वतंत्र लेख मागते. इथे दोन खुणा पुरेत. यंत्राचं वागणं कोणाच्या मालकीचं नसतं, पण रॉममधला प्रोग्राम मालकीचा असतो. अॅमस्ट्रॅडनं 1986 मध्ये सिंक्लेअरचे संगणक आणि नाव 50 लाख पौंडांना विकत घेतलं, आणि 1999 मध्ये स्पेक्ट्रमच्या रॉम एम्युलेटरांबरोबर वाटायला मोकळीक दिली. दुसऱ्या टोकाला सोनी. कनेक्टिक्स कंपनीनं 1999 मध्ये मॅकवर प्लेस्टेशनचे खेळ चालवणारं व्हर्च्युअल गेम स्टेशन आणलं तेव्हा सोनी न्यायालयात गेली. अमेरिकेच्या अपील न्यायालयानं 2000 मध्ये निकाल कनेक्टिक्सच्या बाजूनं दिला: यंत्र कसं वागतं हे शिकण्यासाठी अभ्यासापुरती प्रत काढणं हा न्याय्य वापर. सोनीनं पुढे तो प्रोग्राम विकत घेतला आणि बंद केला.

हा सगळा खटाटोप खेळांपुरता आहे असं वाटण्याचा संभव आहे. बीबीसीनं 1986 मध्ये, इंग्लंडच्या जुन्या डोम्सडे नोंदवहीला 900 वर्षं झाली म्हणून, देशभरातल्या शाळकरी मुलांसह दहा लाखांवर लोकांकडून आपापल्या परिसराची माहिती आणि छायाचित्रं जमवली. ती बारा इंची लेसर चकत्यांवर साठवली आणि पाहण्यासाठी खास ड्राइव्ह जोडलेला बीबीसी मास्टर संगणक ठेवला. पंधरा वर्षांत चालू ड्राइव्ह दुर्मीळ झाल्या. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या कॅमिलिऑन प्रकल्पानं 2002 मध्ये एम्युलेटर बनवून त्या चकत्यांवरचं गाव पुन्हा जागं केलं. जुनी मशिनं नोंदवून ठेवणं हाच आपला मुख्य हेतू आणि खेळता येणं हा त्याचा पडताळा, असं 1997 पासून चालू असलेल्या मेम या एम्युलेटर प्रकल्पाचे कर्ते सांगत आले आहेत.

खुद्द कारखानदारही या विद्येचे गिऱ्हाईक झाले. अॅपलनं 1994 मध्ये 68000 घराणं सोडून पॉवरपीसी घेतला, तेव्हा नव्या मॅकच्या स्वतःच्या प्रणालीचा मोठा भाग जुन्याच भाषेत होता आणि गॅरी डेव्हिडियन यांच्या एम्युलेटरच्या खांद्यावर बसून चालत होता. 2006 मध्ये इंटेलकडे जाताना आणि 2020 मध्ये स्वतःच्या एम1 चिपकडे वळताना रोझेटा नावाचा अनुवादक आला. नवा रोझेटा वाक्यागणिक अर्थ न सांगता, प्रोग्राम पहिल्यांदा उघडण्याआधी त्याचं बहुतांश भाषांतर करून ठेवतो. तरी एक लकब भाषांतराला जड गेली असती: अनेक मेंदू एकाच स्मृतीत लिहीत असताना ते लिखाण कोणत्या क्रमानं दिसावं याबद्दल इंटेल काटेकोर, तर अॅपलनं घेतलेली आर्म पद्धत सैल. अॅपलनं एम1 च्या सिलिकॉनमध्येच इंटेलची ही सवय चालूबंद करता येईल अशी बसवली.

या कथेत महाराष्ट्र पाहुणा म्हणून येत नाही. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं 1980 च्या दशकात डीबी स्पेक्ट्रम या नावानं परवान्यानिशी स्पेक्ट्रम भारतात विकला. अनेकांचा पहिला संगणक तो. त्याच्या कॅसेटी कुठल्या माळ्यावर सापडल्या तर त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून कोणत्याही एम्युलेटरला ऐकवता येतो. खेळ सुरू होतो. त्याच शहरात 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकनं, आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्र कार्डावर आणलं. ते पीसीत बसवलं की डॉसचे इंग्रजी प्रोग्राम देवनागरी लिहू लागत.

आज डॉसचे जुने प्रोग्राम चालवायला लोक डॉसबॉक्स वापरतात. 2002 पासून तयार होत आलेला हा एम्युलेटर प्रोसेसरचं सोंग घेतो, व्हीजीए पडद्याचं घेतो, साउंड ब्लास्टर कार्डाचं घेतो, कारण खेळांना तेवढं लागतं. जिस्ट कार्डाचं सोंग त्यात नाही. त्यामुळे त्या काळच्या मराठी याद्या, पत्रं, हस्तलिखितं ज्या प्रोग्रामांत लिहिली गेली ते प्रोग्राम उघडतात, पण देवनागरी जिथे घडत होती ती जागा रिकामी राहते. श्रीलिपी किंवा आकृतीच्या फॉन्टांत केलेल्या जुन्या फाइली नव्या संगणकावर उघडल्या की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, हे मराठी मुद्रकांना वेगळं सांगायला नको. तो चिवडा निवडणारे परिवर्तक निघाले आहेत. जिस्ट कार्डासाठी मात्र आर्कनॉइडला मिळाली तशी माणसं लागतील: चालू कार्ड समोर ठेवून कोणत्या कळीनं काय उमटतं, रफार कुठे बसतो, कुठलं जोडाक्षर दोन घरं खातं आणि कुठे कडेला जाऊन तुटतं, हे एकेक टिपून घेणारी. त्या कार्डांवर वर्षानुवर्षं बसलेले ऑपरेटर आणि मुद्रितशोधक अजून आहेत, आणि कार्डाच्या खोडी त्यांना तोंडपाठ असणार. या लेखमालेचा शेवटचा भाग त्यांच्याकडून काय विचारून घ्यायचं त्याची यादी आहे.